देवमासे मोजणारी नजर: जहाजावरच्या गणनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समुद्रात देवमासे किती आहेत याचा आकडा शेवटी जहाजावर उभं राहून तासन्‌तास पाण्याकडे बघणाऱ्या माणसांवर अवलंबून असतो. त्यात कोणी आयुष्यभर हेच करत आलेला असतो, तर कोणी पहिल्याच सफरीवर असतो. मग आकड्यात समुद्र किती आणि माणूस किती, अशी शंका येणारच. पुढची उत्तरं मुख्यतः अंटार्क्टिकातल्या मिंके देवमाशांच्या सर्वेक्षणांना धरून आहेत, कारण या शंकेचा सगळ्यात मोठा घोळ तिथेच झाला. दुसऱ्या समुद्रातला दाखला जास्त बोलका वाटला तिथे तो घेतला आहे.

जहाजावरून देवमासे मोजतात म्हणजे नेमकं काय करतात?

सगळे मोजत नाहीत, नमुना घेतात. नकाशावर आधीच रेषा आखलेल्या असतात आणि जहाज त्यांवरून साधारण दहा-बारा नॉट वेगानं जातं. या पद्धतीला लाइन ट्रान्सेक्ट म्हणतात. उंचावर बसलेल्या निरीक्षकाला फवारा, पाठ किंवा शेपटी दिसली की तो दोन गोष्टी सांगतो: जहाजाच्या नाकापासून किती अंशांवर आणि किती लांब. त्यावरून तो प्राणी जहाजाच्या मार्गरेषेपासून आडवा किती अंतरावर होता ते काढता येतं.

अशा शेकडो नोंदी जमल्या की दिसतं, रेषेजवळ नोंदी दाट आणि लांब जावं तशा विरळ. लांबचे देवमासे कमी नसतात, ते नजरेला कमी सापडतात. ही विरळ होत जाण्याची चाल बघून जहाजानं प्रत्यक्षात किती रुंदीचा पट्टा नीट पाहिला ते ठरवतात. पट्ट्याची रुंदी गुणिले कापलेलं अंतर म्हणजे क्षेत्रफळ. नोंदी भागिले क्षेत्रफळ म्हणजे घनता. बाकी सगळी याची कलाकुसर.

नवख्याला कमी दिसलं, तर हे गणित ते आपोआप भरून काढत नाही का?

अर्धं भरून काढतं, आणि गैरसमज इथेच होतो. नवख्याला लांबचे देवमासे दिसत नाहीत, पण त्यामुळे त्याचा पट्टाही अरुंद निघतो. कमी नोंदी भागिले कमी क्षेत्रफळ, उत्तर जवळजवळ तेच. म्हणून ‘अनुभवी निरीक्षकानं दुप्पट देवमासे पाहिले, म्हणजे अंदाजही दुप्पट’ हा हिशेब चुकीचा आहे.

भरून निघत नाही ती एकच गोष्ट: थेट मार्गरेषेवरचा प्राणी सुटणं. साधं गणित असं गृहीत धरतं की जहाजाच्या अगदी नाकासमोरचा देवमासा शंभर टक्के दिसतो. या शक्यतेला जी(०) म्हणतात आणि ती १ मानली जाते. ती खरोखर ०.७ असेल, तर अंदाज सरळ तीस टक्क्यांनी कमी येतो आणि नोंदी कशा विरळ होत जातात याकडे कितीही बघितलं तरी ते कळत नाही. अनुभवाचा खरा परिणाम बघायचा तो या जागी.

नाकासमोरचा एवढा मोठा प्राणी सुटतो कसा?

दोन तऱ्हांनी. एक, तो वर येतच नाही. दहा नॉट वेगाचं जहाज पाच किलोमीटर साधारण सोळा मिनिटांत ओलांडतं. तेवढ्या वेळात देवमासा पाण्याखालीच राहिला, तर जगातला सर्वोत्तम निरीक्षकही काय करणार? क्युव्हिएच्या चोचवाल्या देवमाशाची एक बुडी २२२ मिनिटांची नोंदली गेली आहे. अशा प्रजातींसाठी अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरच्या सर्वेक्षणांत जी(०) ०.२३ इतकी कमी धरण्याची पाळी आली होती, म्हणजे रेषेवरच्या चार गटांतला जेमतेम एक हाती लागतो.

दुसरी तऱ्हा म्हणजे तो वर येतो, पण बघणाऱ्याच्या लक्षात येत नाही. अनुभव चालतो तो फक्त इथे. मिंके या बाबतीत त्रासदायक. त्याचा फवारा बारीक, अनेकदा दिसतही नाही, आणि वर येते ती काळी पाठ नि तिच्यावरचा मागे कललेला पर, तेही दोन-तीन सेकंद. शिवाय एकटादुकटा असला तर संपलंच.

अनुभवी माणसाला वेगळं काय दिसतं?

त्याची दृष्टी जास्त तीक्ष्ण असते असं नाही, बऱ्याचदा वयामुळे उलटच. त्याला काय शोधायचं नाही हे पक्कं माहीत असतं. लाटेचा फुटलेला माथा पांढरा दिसतो आणि जागच्या जागी विरघळतो, फवारा उभा चढतो आणि वाऱ्यासोबत एका बाजूला वाहतो. नवखा प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यावर दुर्बीण थांबवतो, सराईत माणूस शंभर ठिपके सोडून एकशेएकाव्यावर थांबतो. देवमासा बुडाल्यावर पाण्यावर काही वेळ गुळगुळीत चकती राहते, तीही त्याला दिसते. एका ठिकाणी घिरट्या घालणारे पक्षीही तो सोडत नाही.

आणखी एक सवय फार मोलाची. देवमासा सापडला की नवखा त्यालाच बघत राहतो, आणि मधल्या काळात समोरची रेषा उघडी पडते. अनुभवी माणूस कोन-अंतर सांगून लगेच आपल्या पट्ट्यावर परततो.

फरक किती पडतो, याचं एक मापन १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं. ते जहाजावरचं नाही, विमानातलं आहे, पण इतकं स्पष्ट उदाहरण विरळा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात हार्बर पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या छोट्या प्राण्यावर किनाऱ्याच्या कड्यावरून एक पथक नजर ठेवून होतं आणि वरून सर्वेक्षणाचं विमान जात होतं. कड्यावरून दिसलेल्या गटांपैकी विमानातल्यांनी किती टिपले ते पडताळलं. अनुभवी निरीक्षकांची जी(०) आली ०.२९२, अननुभवींची ०.०७९. चक्क पावणेचारपट फरक. दोन्ही आकड्यांची अनिश्चितता मोठी आहे, तेव्हा ‘पावणेचार’ दगडावरची रेघ समजू नये, पण दिशा कोणती याबद्दल वाद नाही.

म्हणजे नवखे असले की आकडा नेहमी कमीच येतो?

नाही. वाढूही शकतो, आणि हे फारसं कोणी सांगत नाही.

कोनाचंच बघा. देवमासा तीन किलोमीटरवर, नाकापासून ५ अंशांवर आहे. मार्गरेषेपासूनचं आडवं अंतर येतं सुमारे २६० मीटर. घाईत निरीक्षक ‘समोरच आहे’ म्हणून ० अंश सांगतो, आणि अंतर होतं शून्य. असे पाच-दहा देवमासे ‘समोरच’ म्हणून नोंदले गेले की रेषेवर नोंदींचा खोटा ढीग तयार होतो, पट्टा आहे त्याहून अरुंद वाटतो आणि घनता फुगते. म्हणून दुर्बिणीच्या किंवा कठड्याच्या बाजूला कोनफलक बसवतात आणि तो वाचायची सक्ती असते.

अंतराचा घोळ याहून वाईट. मोठ्या दुर्बिणीच्या भिंगात बारीक रेघा कोरलेल्या असतात. क्षितिजापासून प्राणी किती रेघा खाली आहे ते वाचायचं आणि डोळ्याच्या उंचीवरून अंतर काढायचं. दहा मीटर उंचीवर पाच आणि सहा किलोमीटर यांतला फरक एका अंशाच्या साधारण सत्तराव्या भागाइतका असतो. जहाज हलतंय, क्षितिज धूसर आहे, आणि एवढ्याशा फटीत एक किलोमीटर मावलाय. म्हणूनच चांगल्या सफरींत तरंगता बोया सोडून प्रत्येक निरीक्षकाची अंतराची परीक्षा घेतात आणि त्याची चूक पुढे हिशेबात धरतात.

आकडा वाढवणारी तिसरी गोष्ट प्राण्याच्या वागण्यातून येते. डॉल्स पॉरपॉइज जहाजाकडे धावत येतो. लांबूनच दिसला, तर त्याची मूळ जागा नोंदली जाते. जवळ आल्यावरच दिसला, तर तो रेषेवरच होता असं वाटतं. इथे अनुभव म्हणजे आधी दिसणं.

अनुभव मोजायचा कशात? वर्षांत की सफरींत?

दोन्ही कच्ची मापं आहेत. शांत उष्ण समुद्रात डॉल्फिनवर दहा वर्षं घालवलेला माणूस अंटार्क्टिकाच्या करड्या उजेडात मिंकेसाठी पहिला आठवडाभर नवखाच असतो. अनुभवाइतकाच माणसामाणसातला फरकही मोठा, काहींना पहिल्या हंगामातच नजर येते. माझ्या मते ‘अनुभवी’ आणि ‘नवखा’ असे दोन कप्पे करण्यापेक्षा दर मिनिटाला कोण कोणत्या जागी उभं होतं ते लिहून ठेवणं जास्त उपयोगाचं.

अंटार्क्टिकातला तो वाद काय होता?

आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगानं १९७८-७९ पासून अंटार्क्टिकाभोवती दर दक्षिणी उन्हाळ्यात सर्वेक्षण जहाजं पाठवली. आधी या उपक्रमाला आयडीसीआर म्हणत, पुढे सोवर. तो २००९-१० पर्यंत चालला. शोनान मारू सारखी, मुळात देवमाशांच्या शिकारीसाठी बांधलेली जपानी जहाजं त्यात होती. निरीक्षक तीन मजल्यांवर असत: डोलकाठीच्या टोकावरच्या पिंपात, त्याखालच्या स्वतंत्र चौकीत आणि वरच्या ब्रिजवर. कधी जहाज रेषा सोडून देवमाशाजवळ जाई आणि प्रजाती व संख्या पक्की करी, तर कधी न वळता पुढे जाई, म्हणजे पिंप आणि चौकी एकमेकांना न सांगता काय टिपतात ते पडताळता येई.

या सफरींतून अंटार्क्टिकाभोवती तीन फेऱ्या झाल्या. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात दुसऱ्या फेरीचा आकडा ७,६६,००० होता आणि तेव्हा अपुऱ्या असलेल्या तिसऱ्या फेरीचा २,६८,०००. एवढे देवमासे गेले कुठे? मिंकेची व्यापारी शिकार तर १९८० च्या दशकातच थांबली होती.

संशयितांची यादी झाली. देवमासे बर्फाच्या आत शिरले असतील, जिथे जहाज जात नाही. फेऱ्यांचे हंगाम आणि भाग सारखे नव्हते. गट लहान झाले होते. आणि एक संशयित असा: डोलकाठीवरची अनुभवी माणसं कमी होत गेली. या शेवटच्या मुद्द्यावर, म्हणजे निरीक्षकांचा पूर्वानुभव आणि मिंके दिसण्याचा दर यांच्या संबंधावर, २००३ मध्ये स्वतंत्र शोधनिबंधही आला.

नुसत्या अनुभवावर एवढी घट ढकलायची, तर निरीक्षकांची रेषेवरची नजर एक-तृतीयांशावर आली होती असं मानावं लागेल. ते पटण्यासारखं नाही. पण ‘रेषेवर सगळं दिसतं’ हे गृहीतक जागच्या जागी ठेवणंही पटण्यासारखं नव्हतं. अखेर दोन गटांनी स्वतंत्रपणे अशी प्रारूपं बनवली की ज्यांत जी(०) १ पेक्षा कमी असू शकते आणि गटाच्या आकारानुसार बदलते. २०१२ मध्ये आयोगाच्या वैज्ञानिक समितीत एकमत झालं: दुसऱ्या फेरीसाठी (१९८५-८६ ते १९९०-९१) ७,२०,००० आणि तिसरीसाठी (१९९२-९३ ते २००३-०४) ५,१५,०००.

दुसऱ्या फेरीचा आकडा फारसा हलला नाही, तिसरीचा जवळजवळ दुप्पट झाला. फेरी पूर्ण झाली हे एक कारण, पण मोठं कारण नजरेचं. तिसऱ्या फेरीत एकटेदुकटे मिंके जास्त होते, आणि नेमके तेच रेषेवरही सुटतात. आता दुसऱ्या फेरीच्या आकड्याची ९५ टक्के मर्यादा, म्हणजे खरा आकडा बहुधा ज्यात असेल तो पल्ला, ५,१२,००० ते १०,१२,००० आणि तिसरीची ३,६१,००० ते ७,३३,०००, म्हणजे दोन्ही एकमेकांवर चढतात. घट झाली असेलही. पण ‘दोन-तृतीयांश देवमासे नाहीसे झाले’ ही बातमी त्यातून निघत नाही.

एखाद्या पथकाची नजर किती पक्की आहे हे समुद्रावर मोजता येतं का?

येतं. एकाच जहाजावर दोन पथकं बसवायची, मध्ये पडदा, बोलायचं नाही. समजा, वरच्या पथकानं रेषेजवळ ५० गट टिपले आणि त्यांतले ३५ खालच्या पथकालाही दिसले. खालच्या पथकाची शक्यता आली ०.७०. दुसऱ्या सफरीत त्या जागी नवखं पथक असेल आणि ५० पैकी २५ च दिसले, तर ०.५०.

आता समुद्रात खरोखर १०० गट आहेत असं धरा. पहिलं पथक ७० चा अंदाज देईल, दुसरं ५०. दुरुस्ती केली नाही, तर सरकारी अहवालात ‘२९ टक्के घट’ असं छापून येईल. आपापल्या शक्यतेनं भागलं, तर दोन्ही १००. अनुभव कमी असणं हा गुन्हा नाही, तो न मोजणं हा आहे.

एक मेख उरतेच. अवघड प्राणी, म्हणजे एकटा, शांत, धुक्यातला, दोन्ही पथकांकडून सुटतो. मग दोघांचा ताळमेळ खोटाच चांगला दिसतो आणि जी(०) आहे त्याहून जास्त येते. युरोपातल्या स्कॅन्स सर्वेक्षणांत (१९९४, २००५, २०१६, २०२२) यावर तोड म्हणून एक पथक मोठ्या दुर्बिणीनं खूप पुढे बघतं आणि सापडलेल्या प्राण्याचा माग ठेवतं, दुसरं उघड्या डोळ्यांनी जवळचं. पुढे बघणाऱ्यांना प्राणी जहाजाला बिचकण्याआधीच दिसतो, हा वरचा फायदा.

गटात किती प्राणी आहेत हे कसं सांगतात?

सभेला किती गर्दी होती हे सांगताना माणसं जशी फेकतात, तसंच, फक्त उलट दिशेनं. मोठ्या डॉल्फिन-गटांचा अंदाज बहुतेक निरीक्षक कमी सांगतात, आणि गट जितका मोठा तितकं जास्त कमी. पूर्व उष्णकटिबंधीय पॅसिफिकमध्ये हेलिकॉप्टरमधून काढलेल्या फोटोंशी प्रत्येक निरीक्षकाचे अंदाज ताडून बघितले गेले आणि प्रत्येकाचा स्वतंत्र दुरुस्ती-गुणक ठरवला गेला. तिथे प्रत्येक जण आपापल्या वहीत ‘सर्वांत शक्य, जास्तीत जास्त, कमीत कमी’ असे तीन आकडे लिहितो आणि शेजाऱ्याला दाखवत नाही. हा न दाखवण्याचा नियम मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो. नाहीतर वरिष्ठानं ‘दोनशे’ म्हटल्यावर कोण नवखा ‘चारशे’ म्हणणार?

प्रजाती ओळखण्यात अनुभव किती लागतो?

भरपूर. ब्राइडच्या देवमाशाच्या डोक्यावर तीन कंगोरे असतात, सेईच्या एकच, आणि ते दिसतात क्षणभर. नवखा पाहिजे ते नाव देऊन मोकळा होतो. अनुभवी निरीक्षकाच्या वहीत ‘अनोळखी मोठा देवमासा’ अशा नोंदी जास्त सापडतात, आणि त्या असाव्यातच.

खवळलेल्या समुद्राचा परिणाम जास्त की अनुभवाचा?

लहान आणि लपणाऱ्या प्रजातींसाठी समुद्राचा. वाऱ्याची तीव्रता बोफोर्ट मापात सांगतात. लाटांचे पांढरे माथे दिसू लागले की पॉरपॉइज किंवा चोचवाले देवमासे दिसणं झपाट्यानं कमी होतं. म्हणून पॉरपॉइजच्या सर्वेक्षणांत बहुधा बोफोर्ट २ पर्यंतचीच वेळ हिशेबात धरतात. निळ्या देवमाशाचा उंच फवारा मात्र बऱ्या वाऱ्यातही दिसतो. दोन्ही घटक गुंतलेले असतात: वरिष्ठांना चांगल्या हवेच्या पाळ्या मिळाल्या, तर अनुभवाचं श्रेय हवेला की माणसाला? पाळ्या फिरत्या ठेवणं हाच यावरचा उपाय.

थकव्याचं काय?

अनुभवी माणूसही थकतो. अमेरिकी सर्वेक्षण जहाजांवर दोघे २५ पट मोठं दाखवणाऱ्या दुर्बिणींवर आणि तिसरा नोंदी घेत उघड्या डोळ्यांनी बघत असतो. दर ४० मिनिटांनी जागा बदलतात, दोन तासांनी सुट्टी. रात्री गणना बंद.

फार थोडे प्राणी उरले असतील तर?

मग सांख्यिकीला धरायला काही उरत नाही आणि अनुभव हाच पुरावा होतो. मेक्सिकोतल्या कॅलिफोर्नियाच्या आखातात राहणाऱ्या वाकिटा या जेमतेम दीड मीटरच्या पॉरपॉइजचे अंदाज १९९७ मध्ये ५६७, २००८ मध्ये २४५, २०१५ मध्ये सुमारे ५९ असे घसरत गेले. २०२३ च्या सफरीत तर इतक्या कमी भेटी झाल्या की नोंदींवरून वेगवेगळे प्राणी किती असावेत हे अनुभवी निरीक्षकांना स्वतंत्रपणे विचारून ठरवलं गेलं, आणि उत्तर आलं १० ते १३.

आपल्या समुद्रात असं काम होतं का?

कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००३ ते २००७ दरम्यान सागर संपदा या संशोधन जहाजावरून भारताच्या सागरी क्षेत्रात देवमासे आणि डॉल्फिन नोंदले. ते जहाज दुसऱ्या कामांसाठी निघायचं, निरीक्षक त्यात जागा मिळवायचे. अशा नोंदींतून कोणती प्रजाती कुठे दिसते ते कळतं, एकूण किती आहेत ते सांगणं कठीण, कारण जहाजाचा मार्ग गणनेसाठी आखलेला नसतो.

मालवण-देवगडचे मच्छीमार रोज समुद्रावर असतात. तेच सर्वांत अनुभवी नव्हेत का?

फवारा ओळखण्यात नक्कीच. पण गणनेला आणखी एक गोष्ट लागते: काहीच दिसलं नाही ते तासही नोंदले गेले पाहिजेत. जाळं ओढताना समुद्राकडे बघितलं जात नाही, आणि मासळी जिथे तिथेच होडी जाते. त्यामुळे त्यांचं ज्ञान ‘कुठे, कोणत्या महिन्यात’ यासाठी बहुमोल, ‘किती’ यासाठी अपुरं. त्यांच्यातल्याच तरुणांना कोनफलक आणि रेघांची दुर्बीण शिकवून सर्वेक्षणाच्या पथकात घ्यावं, हे मला दिल्लीहून निरीक्षक आणण्यापेक्षा केव्हाही बरं वाटतं.

ड्रोन, कॅमेरे, पाण्यातले माइक आल्यावर हा प्रश्न मिटेल ना?

काही ठिकाणी मिटत चाललाय. चोचवाले देवमासे खोल पाण्यात टिकटिक आवाज करत शिकार करतात, तेव्हा त्यांना कानानं मोजणं डोळ्यांपेक्षा भरवशाचं. पण गप्प असलेला देवमासा माइकला ऐकू येत नाही, म्हणजे तिथेही जी(०) आलीच. आणि ड्रोनच्या हजारो फोटोंतली काळी सावली देवमाशाची की लाटेची, हे अजून बऱ्याचदा माणूसच ठरवतो. दोन माणसांना तेच फोटो दिले की त्यांचे आकडे वेगळे येतात, म्हणून तिथेही प्रत्येक फोटो कोणी वाचला ते लिहून ठेवतात.